पिकासोचा ‘वृद्ध गिटारवादक’: निळ्या रंगापलीकडे काय वाचायचं?

प्रश्न (वडोदरा): फाइन आर्ट्सच्या पहिल्या वर्षाचं टिपण आहे. ‘निळा म्हणजे दुःख’ याच्या पुढे कसं जाऊ?

उत्तर: रंगाआधी रेषा पाहा. मान जवळजवळ काटकोनात खाली, खांदा टोकदार वर, पाय मुडपलेले. सुमारे १२३ × ८३ सेंमीच्या उभ्या फळीत माणूस दाबून बसवलाय. घुसमट तिथून येते. लांबट बोटं एल ग्रेको या स्पेनमधल्या जुन्या चित्रकाराच्या लांबुडक्या आकृत्यांची आठवण देतात. गिटार तेवढी तपकिरी, म्हणून नजर तिथेच टेकते. छपाईत निळा भडकला की हा फरक बुजतो, तेव्हा चित्र जिथे आहे त्या शिकागो आर्ट इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावरची प्रतिमा वापरा.

दुसरं उत्तर: चित्र १९०३-०४ चं. पिकासोचा मित्र कासाजेमास याची १९०१ मधली आत्महत्या संदर्भ म्हणून द्या, पण तीच किल्ली समजू नका. नाहीतर समोरचा अंध म्हातारा दिसेनासा होतो. आणि मानेजवळ पुसट दिसणारा बाईचा चेहरा प्रतीक नाही! क्ष-किरणांत खाली आधीचं चित्र सापडलंय, फळी पुन्हा वापरलेली आहे.

प्रश्नकर्ता: गिटार म्हणजे आशा, असं लिहू?

पहिलं उत्तर देणारे: ‘आधार’ लिहा. अख्खं शरीर तिच्याभोवती वळलंय, हे चित्रात बोट ठेवून दाखवता येतं. आशा दाखवता येत नाही.