शत्रूच्या गाढवाला हात द्या, पण अमालेक पुसून टाका: हे जुळतं कसं?

गोफण: तोरा (यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ, ५ पुस्तकं) यातलं निर्गम २३:५ म्हणतं, शत्रूचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर मदत कर. तल्मूदात (रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ; बावा मेत्सिया ३२) याचा पार हिशोब आहे. ओझं उतरवायचं ते फुकट, पुन्हा लादायची मजुरी घेता येते. मालक 'आज्ञा तुला आहे, तूच कर' म्हणून बाजूला बसला तर खुशाल निघून जावं. तो म्हातारा किंवा आजारी असेल तर नाही. मित्राचं ओझं उतरवायचंय आणि शत्रूचं लादायचंय, तर आधी शत्रूकडे! खरं तर दबलेलं जनावर जास्त निकडीचं, पण आपला राग मोडणं त्याहून महत्त्वाचं धरलंय.

आणि याच तोरात 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकात २५:१९: अमालेकाची (मिसरमधून निघालेल्या इस्राएलींवर हल्ला करणाऱ्या राष्ट्राची) आठवण पुसून टाक. माझ्या मते दया हा नियम आणि अमालेक हा कधीच बंद झालेला अपवाद. मिश्नात (तल्मूदाचा जुना गाभा; यादाईम ४:४) रब्बी यहोशुआ सांगतात, अश्शूरी राजा सन्हेरीबाने सगळी राष्ट्रं मिसळून टाकली. शेजारच्या राष्ट्रातला अम्मोनी कोण हेच ठरेना, तर अमालेकी कोण ठरवणार?

तिरकस: गाढव इथे चालत नाही. तल्मूदातल्या पसाखीम ११३ प्रमाणे तो 'शत्रू' म्हणजे पाप करताना दिसलेला यहुदीच. भावकीतला तंटा आणि युद्ध यांची गल्लत होतेय. शिवाय १२व्या शतकातला धर्मशास्त्री मैमोनिडीझ कनानच्या ७ राष्ट्रांबद्दल 'त्यांची आठवण केव्हाच नाहीशी झाली' असं लिहितो, लगेच पुढच्या कलमात अमालेकाबद्दल मात्र तसं लिहीत नाही. २०व्या शतकात रब्बी सोलोवेचिक यांच्या परंपरेत याच फटीतून अर्थ निघाला: इस्राएलचा समूळ नाश करू पाहणारं कुठलंही राष्ट्र अमालेक. बंद कसला अपवाद?

उंबरठा: मैमोनिडीझचा पुढचा अध्यायही वाचा की. आधी तहाचं बोलावणं, अमालेकालासुद्धा. नोहाच्या ७ आज्ञा (सगळ्या माणसांसाठीचे मूलभूत नियम) आणि मांडलिकत्व पत्करलं तर एकाही माणसाला मारायचं नाही. म्हणजे अमालेक रक्तावर ठरत नाही. तल्मूदातल्या गिट्टीन ५७ मध्ये तर हामानाचे (यहुद्यांना संपवू पाहणाऱ्या पर्शियन मंत्र्याचे) वंशज बने ब्राक गावी तोरा शिकतात, आणि हामान अगागी (अमालेकी राजा अगागच्या वंशातला), म्हणजे अमालेकीच!

तिरकस: तोराचा मध्ययुगीन भाष्यकार राशी ते बोलावणं ऐच्छिक युद्धापुरतं धरतो. मेखिल्ता (निर्गमावरचं जुनं भाष्य) म्हणते, अमालेकातून कुणी धर्मात यायला आला तरी घ्यायचा नाही. सोयीचं पान तेवढं उघडू नका. अगागला जिवंत ठेवलं म्हणून इस्राएलचा पहिला राजा शौल याचं राज्य गेलं.

बोरू: तल्मूदातलं योमा २२ राहिलं. तिथे शौल विचारतो: मोठ्यांनी पाप केलं, पोरांनी काय केलं? माणसं चुकली, गुरांचं काय? आकाशवाणी होते, 'फार नीतिमान होऊ नकोस.' पुढे तोच शौल नोब गावच्या याजकांना मारायला सांगतो (८५ मेले), तेव्हा वाणी म्हणते, 'फार दुष्ट होऊ नकोस.' शौलाला गप्प केलं, पण त्याचा प्रश्न कुणी खोडला नाही. मला हे सगळ्या पळवाटांपेक्षा प्रामाणिक वाटतं. आज प्रत्यक्ष पाळतात ते एवढंच: पुरीमआधीच्या (हामानापासून सुटकेच्या सणाआधीच्या) शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तोराची दुसरी गुंडाळी काढून अनुवाद २५:१७-१९ वाचतात.

तिरकस: ते वाचन 'आठव' या आज्ञेसाठी. सेफेर हाहिनुखात (तोरातल्या ६१३ आज्ञा क्रमाने देणारा ग्रंथ) ती ६०३वी. 'पुसून टाक' ६०४वी, वेगळी. एक पाळली म्हणून दुसरी फिटत नाही.