मदत हवी आहे : पोराचं वजन, नेमकं धरायचं कुठून?
नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात शहापूरला. मुलगा 12 वर्षांचा, उंची 148 सेंमी, वजन 58 किलो. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) साडेसव्वीसच्या आसपास निघतो. डॉक्टरांनी वयाच्या तक्त्यावर बोट ठेवून 'हा लठ्ठपणाच' म्हणून सांगितलं.

सासूबाई म्हणतात, 'वाढतं अंग आहे, खाऊ दे की!' मी आधी सगळा दोष कुंद्याला (आमच्याकडची खव्याची मिठाई) आणि बेकरीतल्या पफला देत होते. पण आठवडाभर वहीत लिहून ठेवलं, तर वेगळंच दिसलं. रात्री साडेअकरापर्यंत मोबाइल, सकाळी साडेसहाला उठवायचं, म्हणजे झोप सात तास. या वयाला 9 ते 12 तास लागते. उशिरा झोपल्यानं सकाळी नाश्ता बुडतो, मग शाळेतून आला की फरसाण आणि कोल्ड्रिंक. त्यानंतर शिकवणी, तीही स्कूटरवरून. खेळ शून्य, सांगतात रोज किमान 60 मिनिटं. एक सवय दुसरीला ओढते, एकच वेगळी काढून चालत नाही असं वाटतंय.

पावसाळ्यात तर बेळगावात पोर बाहेर काढणं म्हणजे... तुम्हाला ठाऊकच आहे.

टिळकवाडी-शहापूर भागात संध्याकाळी पोरांना कबड्डी किंवा पोहणं शिकवणारं कोणी आहे का? आणि मोबाइल रात्री नऊला काढून घेण्याचं कुणाला भांडण न होता जमलंय काय? नवराही जेवताना मोबाइल बघतो, तेव्हा उपाय दोघांसाठी सांगा. डाएटचे तक्ते नकोत, पोर वाढीच्या वयाचं आहे.