मदत हवी आहे: भुकेवर चालणारी जादू आणि कुमार वाचक

मोरपीस:
१३ ते १७ वयोगटासाठी अद्भुतकथा लिहिते आहे. १५ वर्षांची नायिका जितकी उपाशी, तितकी तिची जादू प्रखर. पुढे तिला ॲनोरेक्सिया (वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार) जडतो आणि शेवटी विजयाच्या मेजवानीत पोटभर जेवून ती बरी होते. वाचणाऱ्या मुलींना उपाशी राहणंच हवंहवंसं वाटेल का? वजनाचे आकडे द्यावेत का? आजाराला राक्षसाचं रूप दिलं तर चालेल?

काजवा:
धास्ती रास्त आहे, कारण दोष जादूच्या नियमातच आहे. उपाशी राहून खरंच बळ मिळत असेल, तर पुढची पानं काहीही सांगोत, मुलीच्या मनात तो नियमच राहणार. म्हणून जादू शरीराकडून उसनी घेतलेली असू द्या. सुरुवातीला तिला हलकं, तरतरीत वाटू द्या, पुष्कळांना तसं वाटतंही. मग वसुली सुरू: भर वैशाखात गार बोटं, उठताना भोवळ, गळणारे केस, अंगावर बारीक लव, थांबलेली पाळी, मंद नाडी. लक्ष टिकत नाही म्हणून ऐन वेळी मंत्रातला शब्द निसटतो. आणि डोक्यात सतत अन्न. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी पुरुषांना सुमारे सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवलं होतं. त्यांच्यातले काही पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. त्यांना बारीक व्हायचं नव्हतं! तेव्हा नायिकेचं असं वागणं हट्ट म्हणून रंगवू नका.

किलो, कॅलरी, कपड्यांचं माप, जेवण चुकवायच्या क्लृप्त्या, यातलं काहीच नको. आजारी मुलगी त्या आकड्यांशी स्पर्धा लावते. आपल्याकडे उपासाचं घरोघर कौतुक होतं, त्यामुळे आजार महिनोन् महिने झाकला जाऊ शकतो. ते जरूर घ्या, पण मैत्रिणीच्या नजरेतून. मग ती युक्ती न वाटता धोक्याची खूण वाटेल.

शमी:
मेजवानी काढाच. फार दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घातलं, की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं, हृदयाची लय बिघडते, प्रसंगी मृत्यूही येतो. खरे डॉक्टर रक्त तपासत आहार टप्प्याटप्प्याने वाढवतात. तुमच्या वैद्याने ठरल्या वेळी बेताचं वाढावं, नाडी बघावी, शेजारी बसून राहावं.

राक्षस चालेल. कुटुंबाला सोबत घेऊन होणाऱ्या उपचारांतही आजार मुलीपासून वेगळा मानतात, म्हणजे राग तिच्यावर निघत नाही. फक्त तो एका घावात मरू नये. वजन आधी सावरतं, विचार बरेच मागून. त्याला तिच्याच आवाजात, गोड बोलायला लावा.

खलनायिका लठ्ठ असेल तर तेही बदला. आणि अंगाने भरलेल्या मुलामुलींनाही हा आजार होतो. असं एक पात्र, शक्यतो मुलगा, हवंच.

मोरपीस:
मेजवानी गेली, राक्षसही जिवंत. मग शेवट कुठे करू?

शमी:
कुटुंबासोबतच्या त्या उपचारात आधी काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात, मग ताट हळूहळू मुलीच्या हाती येतं. ते हाती येऊ लागलं की थांबा. पूर्ण बरी झालेली दाखवायची गरज नाही. हस्तलिखित छापण्याआधी या आजारावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडून वाचून घ्या. शेवटच्या पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या, तिथे मराठीत बोलता येतं.