हिस्टॉरिक का हिस्टॉरिकल: अर्धा मार्क कापण्याइतका फरक हाय का?

हळदगल्ली: पोरगी आठवीत, सांगलीतच. इंग्लिशच्या पेपरात गावावर पाच ओळी लिहायच्या होत्या, तिनं लिहिलं १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवर केलं ती हिस्टॉरिकल घटना. बाईंनी लाल पेनानं शेवटचं ‘अल’ खोडलं आणि अर्धा मार्क गेला. मराठीत आपण दोन्हीला ऐतिहासिकच म्हणतो की, अजिंक्यताराबी ऐतिहासिक आणि परवाची मॅचबी ऐतिहासिक, कुणाचं काय अडलंय? उगं पोरांना घाबरवायचं काम.

कृष्णाकाठ: अडतंय ओ. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात गाजावं असं काहीतरी, हिस्टॉरिकल म्हणजे नुसतं इतिहासाशी संबंध असलेलं, मग ते मोठं असो नाहीतर फुटकळ. तुमचंच उदाहरण घ्या, सीतास्वयंवराची गोष्ट रामायणातली, म्हणजे नाटक पौराणिक, त्याला हिस्टॉरिकल नाटक म्हणताच येत नाही, पण प्रयोग हिस्टॉरिक, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतात तो त्याच्यामुळंच. आमच्या गॅदरिंगचं शिवाजी महाराजांवरचं नाटक हिस्टॉरिकल होतं. त्यात अफझलखानाची दाढी स्टेजवर गळून पडली, तेवढं गल्लीपुरतं हिस्टॉरिक.

हळदगल्ली: दाढी मान्य 😂 पण पोरीनं नाटकाला नाही, घटनेला हिस्टॉरिकल म्हणलंय. होऊन गेलेली घटना हिस्टॉरिकल नाही तर काय उद्याची हाय?

सातारकरीण: मी स्वतः इंग्रजी शिकवते, साताऱ्यात. घटनेला हिस्टॉरिकल म्हणणं चूक नाही, फिकं आहे. मी मार्क दिला असता आणि शेजारी दुसरा शब्द लिहून दिला असता. पण शिकवूच नका हे काही पटत नाही. आर्थिक अडचण आणि काटकसरी सून यात मराठी माणूस कधी घोळ घालतो का? मग इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकलमध्येच का घालावा.

मार्केटयार्ड: माझं ऐका. हळद पावडरीला ओल चालत नाही, म्हणून पार्टीला मेल टाकला, आमचा माल ओलीला सेन्सिबल आहे, कोरड्यात ठेवा. लिहायचं होतं सेन्सिटिव्ह. तिकडनं उत्तर आलं, तुमची हळद एवढी समंजस असेल तर ती स्वतःच कोरड्यात जाऊन बसेल. दोन वर्षं झाली, अजून ऑर्डर देताना विचारतोय, समंजस माल हाय का?

हळदगल्ली: ते शब्दच वेगळे ओ, तिथं अर्थच बदलतोय. माझं भांडण ‘इक’ आणि ‘इकल’शी. पूर्वी इंग्रजीत हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल सर्रास एकमेकांच्या जागी वापरायचे, हा भेद नंतर पक्का झालाय. आणि नियम म्हणाल तर तोबी धड नाही, मोटर इलेक्ट्रिक पण इंजिनिअर इलेक्ट्रिकल.

सातारकरीण: इंजिनिअर विजेवर चालत नाही म्हणून!

हळदगल्ली: हे बरं सांगितलं. पोरगीला वाचून दाखवलं तर म्हणती, पप्पा मग आपल्या विहिरीवरची मोटर कसली? म्हणलं जळालेली, सकाळी रिवाइंडिंगला न्यायची हाय, झोप आता.