शनिवारवाडा, आयसोलेट २ आणि विटांच्या गायब झालेल्या दरजा

चुनाविटा:
माझा जुना घडीचा फिल्म कॅमेरा, आगफा आयसोलेट २ (आपोटार लेन्स ८५ मिमी, एफ/४.५, प्रॉन्टर एसव्ही शटर) दुरुस्त होऊन आलाय. घट्ट झालेलं हिरवं ग्रीस काढलं, शटर साफ केलं, भाता (लेन्स आणि फिल्म यांच्यामधलं घड्यांचं आवरण) मूळचाच ठेवला. डिसेंबरात सकाळी ११ वाजता शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे फोटो काढले. एफपी४ प्लस ही कृष्णधवल फिल्म, नारिंगी फिल्टर. चार अडचणी आल्या. अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या वस्तूंवर, फोकस मऊ. प्रत्येक चित्रात त्याच कोपऱ्यात धुरकट डाग. विटा आणि चुना एकाच करड्या रंगाचे, त्यामुळे दरजा (विटांमधले चुन्याचे सांधे) दिसत नाहीत. बुरूज मागे झुकलेले.

काळंकापड:
डागाचा संशय आधी भात्यावर. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा उघडा, मागून आत टॉर्च धरा आणि घड्यांचे कोपरे बघा. छिद्रं बहुतेक तिथेच पडतात. काळा रंग लावून काही रोल निघतील, पण घडी पडली की रंग तडकतो. नवा भाताच बसवा.

ग्रीस काढताना पुढची काच फिरवलेली असते, म्हणून अनंत पुन्हा जुळवावं लागतं. फिल्म टेकते त्याच रुळांवर घासलेली काच ठेवा, खरखरीत बाजू लेन्सकडे. शटर बी वर (दाबून धरलं तोवर उघडं), एफ/४.५, किमान किलोमीटरभर दूरचा मनोरा. फोकस रिंगचे बारीक स्क्रू ढिले करा, भिंगातून बघत पुढची काच फिरवा, मग रिंग ∞ वर आणून कसा.

आणखी एक: आधी कॅमेरा सावकाश उघडा, फिल्म नंतर पुढे सरकवा. भाता झटक्यात उघडला की आत हवा खेचली जाते आणि फिल्म पुढे फुगते. तेवढ्यानेही फोकस जातो.

उत्तरभिंत:
दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. डिसेंबरात सूर्य त्याच्या मागे असतो, त्यामुळे भिंत सावलीत, आकाश पांढरं, शिवाय जुन्या लेन्समध्ये चकाकी. मेच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत सकाळी ७ ते साडेआठ जा. तेव्हा ऊन ईशान्येच्या बाजूने भिंतीला घासून जातं आणि विटेची प्रत्येक कड उठून दिसते. या वाड्यासाठी यापेक्षा चांगला उजेड नाही.

फिल्टरची निवड कशाचा फरक दाखवायचाय त्यावर करा. नारिंगी फिल्टरने वीट उजळते: खालच्या काळ्या दगडापासून ती छान सुटते, पण चुन्याच्या जवळ जाते आणि दरजा बुजतात. हिरव्याने वीट गडद होते, चुना पांढरा राहतो. तुम्हाला दरजा हव्यात, म्हणजे हिरवा. दोन्हींना साधारण दोन स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). स्वच्छ, चढलेल्या उन्हात एफ/११, १/५०. कोवळ्या उन्हात आणखी एक स्टॉप.

चुनाविटा:
आभार! झुकण्याचं काय करू?

काळंकापड:
कॅमेरा वर करू नका, पाणसळ लावून सरळ ठेवा. ८५ मिमीच्या लेन्सला फिल्मवर ५६ मिमीची चौकट आहे, म्हणजे दर तीन मीटर मागे गेलात की वर एक मीटर जास्त दिसतो. डोळ्याच्या उंचीवर धरून २४ मीटरवरून साधारण साडेनऊ मीटर उंचीपर्यंत येतं. खालचं रिकामं अंगण छापताना कापा. खालचा पाव भाग काढला तर लेन्स ७ मिमी वर सरकवल्यासारखं होतं. व्ह्यूफाइंडर नेमका नाही, कडांना जागा सोडा.

उत्तरभिंत:
१/५० ला ट्रायपॉड आणि केबल रिलीज हवंच. वाड्याच्या आत ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा.