मदत हवी आहे: धुळ्याच्या थंडीत पहाटेची सायकल चालू कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी. मी धुळ्यात राहते. वर्षभर पहाटे आग्रा रोडने लळिंगचा घाट चढून परत येते, पावसाळ्यातही शक्यतो खंड पडू देत नाही. अडतं ते डिसेंबर-जानेवारीत. पारा 6-7 अंशांवर उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी स्वेटर नकोसा होतो.

चढताना घाम येतो, मजेत जाते. खरा त्रास उतरताना. बोटं इतकी बधिर होतात की ब्रेक किती दाबला तेच कळत नाही. घरी पोचल्यावर कुलपात किल्ली फिरत नाही. लोकरीचे हातमोजे घालून पाहिले, वारा आरपार जातो. सुरुवातीला छातीही आवळल्यासारखी होते. डॉक्टरांनी तपासलंय, दमा नाही, सायकल चालवायला हरकत नाही म्हणाले.

दुसरी भीती अंधाराची. जानेवारीत सूर्य 7:10 च्या सुमारास उगवतो, मला तर तेव्हा परतीला लागायचं असतं. डबे करून ऑफिस गाठायचं! रस्त्यावर कापसाने शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर.

घरचे म्हणतात, दोन महिने जिम लाव. पण थंडीत हरभऱ्याच्या शेतांवरून येणारा तो आंबूस वास मला सोडवत नाही. जाणकारांनी कृपया सांगा, काय करू?

प्रतिसाद

ताई, आधी दिशा बदला. थंडीत आपल्याकडे वारा बहुतेक उत्तरेकडून. लळिंगहून तुम्ही घामेजलेल्या अंगाने, उताराच्या वेगात, नेमक्या त्याच वाऱ्याच्या तोंडी परतता. ताशी 25 च्या वेगाला 7 अंश अंगाला 3 अंशांसारखे लागतात. त्यापेक्षा उत्तरेला नगाव-देवभान्याकडे जा. जाताना अंग कोरडं असतं तेव्हा वारा समोर, येताना पाठीशी.

लोकरीच्या हातमोज्यांवर वारा न शिरणारे, एक माप मोठे हातमोजे चढवा. घट्ट नकोत, रक्त फिरायला हवं. छातीवर जर्सीच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवा, जुना उपाय आहे पण वारा अडतो. छाती आवळते ती थंड, कोरड्या हवेने. नाका-तोंडावरून सुती रुमाल बांधा आणि पहिली 10-15 मिनिटं हलक्या गिअरवर जा. तरीही आवळलं तर रेटू नका, डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

अंधारात मात्र हायवे नकोच. मी स्वतः आडवारी घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) अर्धा तास पॅडल मारतो आणि रविवारी उजाडल्यावरच बाहेर पडतो. निघायचंच असेल तर मागे लाल दिवा, अंगात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, आणि पुढचा दिवा असा हवा की बिनदिव्याची ट्रॉली तुम्हाला लांबूनच दिसेल.

धागाकर्ती

धन्यवाद भाऊ! वाऱ्याचं लक्षातच आलं नव्हतं. देवभान्याकडचा सर्व्हिस रोड सध्या कसा आहे, कुणी सांगेल का?