ट्रकच्या नोकरीच्या फॉर्ममधे ट्रॅफिकची जुनी तिकिटं लिहायची की नाही?

प्रेषक: मामा, ट्रेसी

नमस्कार मंडळी,

ट्रकिंगमधलं कुणी असेल तर जरा मार्गदर्शन हवं होतं. माझा भाचा आमच्याकडेच राहतो, सीडीएल क्लास ए, म्हणजे मोठा ट्रक चालवायचं लायसन्स आहे, सध्या एका छोट्या मालकाकडे चालवतो आणि आता इथे कॅलिफोर्नियातच लॅथ्रॉपच्या एका मोठ्या कंपनीत अर्ज करतोय. फॉर्ममधे एक पान आहे, गेल्या तीन वर्षांत पार्किंग सोडून जी काही ट्रॅफिक व्हायोलेशन्स झाली असतील ती लिहा म्हणून. याची दोन आहेत. एक नेवाडात आय-८० हायवेवर लव्हलॉकच्या जवळ, स्वतःच्या कोरोलात, लिमिटच्या १८ मैल वर, त्याचे त्याने ऑनलाइन पैसे भरून टाकले, कोर्टात गेलाच नाही. दुसरं ट्रकमधलं, बेकर्सफील्डच्या अलीकडे हायवे ९९ वर लेन बदलताना, त्याचाही दंड भरला. ट्रकस्टॉपवर त्याला कुणीतरी सांगितलं की कारचं तिकीट वेगळं, दुसऱ्या स्टेटचं इथे दिसत नाही, आणि कोर्टातच गेला नाहीस म्हणजे तू दोषी ठरलाच नाहीस, तर उगाच कशाला लिहितोस. पोरगं रात्री जागून विचार करतंय. काय करावं?

*

प्रेषक: काका, फ्रीमॉन्ट

मामा, मी ट्रकिंगमधला नाही पण माझ्या शेजारचे सरदारजी आहेत त्यांच्याकडून बरंच ऐकलंय. मोठ्या कंपन्यांकडे अर्जांचा ढीग असतो, दोन तिकिटं दिसली की पहिल्याच चाळणीत बाजूला. माझं मत विचाराल तर ट्रकचं एक लिहावं आणि कारचं सोडून द्यावं. विचारलं तर सांगायचं की लक्षात नव्हतं. बघा पटतंय का.

*

प्रेषक: ताई, मँटेका

काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण कृपा करून मुलाला हे सांगू नका. मी एका ट्रक कंपनीच्या सेफ्टी डिपार्टमेंटला काम करते, हेच फॉर्म दिवसभर माझ्या टेबलावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

पहिलं, फॉर्ममधलं ते पान कंपनीने हौसेने घातलेलं नाही. फेडरल नियम आहे, ३९१.२१, त्यात तीन वर्षांतली सगळी व्हायोलेशन्स आणि तीन वर्षांतले अॅक्सिडेंट लिहायचे असतात, लायसन्स कधी सस्पेंड किंवा रद्द झालं असेल तर तेही, आणि खाली सही असते की हे मी स्वतः भरलंय आणि सगळं खरं आणि पूर्ण आहे. त्यात ट्रकमधली तेवढीच लिहा असं कुठेही नाही. कोरोलातलं असो, मित्राच्या गाडीतलं असो, मोटरसायकलवरचं असो, पार्किंग सोडून सगळं येतं.

दुसरं, ते "कोर्टात गेला नाही म्हणजे दोषी नाही" हे तर साफ चूक आहे आणि याच्यापायी मी मुलांना अडकताना बघते म्हणून जीव तुटतो. सीडीएलच्या नियमांत कन्व्हिक्शनची, म्हणजे दोषी ठरण्याची, व्याख्या फार रुंद आहे. कोर्टात गुन्हा कबूल केला की कन्व्हिक्शन, नोलो कंटेंडरे म्हणजे वाद घालत नाही म्हटलं तरी कन्व्हिक्शन, जामिनाचे पैसे जप्त झाले तरी, आणि नुसता दंड भरला तरी कन्व्हिक्शनच. सोफ्यावर बसून फोनवरून पैसे भरले की झालं. त्यामुळे पुढे कधी तिकीट मिळालं तर भरायच्या आधी ट्रॅफिकच्या वकिलाला एकदा विचारा, भरून झाल्यावर माझ्यासारखीला विचारून फार काही हाती लागत नाही.

तिसरं, दुसऱ्या स्टेटचं दिसत नाही म्हणे! सीडीएल असलेल्याची नोंद स्टेट एकमेकांना कळवतात, लव्हलॉकचं तिकीट कॅलिफोर्नियाच्या रेकॉर्डवर येतं. आणि कंपनीला घेतानाच तीन वर्षांचा एमव्हीआर, म्हणजे ड्रायव्हिंगचं सरकारी रेकॉर्ड, मागवावा लागतो, नंतर दरवर्षी परत. शिवाय कॅलिफोर्नियात क्लास ए ड्रायव्हर ठेवायचा तर डीएमव्हीच्या (लायसन्स देणारं सरकारी खातं) पुल नोटिस यादीत त्याचं नाव घालावं लागतं, रेकॉर्डवर नवीन काही पडलं की कंपनीला आपोआप कळतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

आता काका म्हणतात ते चाळणीचं. मी आधी जिथे होते तिथली गोष्ट सांगते, कंपनीचं नाव नको. एका मुलाने त्या चौकोनात सरळ "काही नाही" असं लिहून रेघ मारली होती. एमव्हीआर आला त्यात दोन स्पीडिंग, दोन्ही किरकोळ. मी फॉर्म आणि प्रिंटआउट शेजारी ठेवून मॅनेजरकडे घेऊन गेले, तो म्हणाला दोन तिकिटांचा माणूस मी आजच घेतला असता, पण खोट्या सहीचा फॉर्म फाइलमधे ठेवून उद्या ऑडिटरला काय दाखवू. मुलगा बाहेर लॉबीत बसला होता, त्याला ते सांगायला मीच गेले. दोन तिकिटं चालतात हो बऱ्याच ठिकाणी, कंपनी आणि तिच्या इन्शुरन्सवर आहे ते, पण खोटं सापडलं की मग कुणी बाजू घेत नाही.

आणि मामा, भाच्याची केस मुळात तो घाबरतोय तेवढी वाईट नाहीये. सीडीएलवर "सीरियस" धरतात त्यात १५ मैल किंवा जास्त स्पीडिंग, चुकीचं लेन बदलणं, पुढच्या गाडीला चिकटून चालवणं, ट्रकमधे फोन हातात धरणं, अशा गोष्टी येतात, तीन वर्षांत दोन झाल्या तर ६० दिवस आणि तीन झाल्या तर १२० दिवस ट्रक बंद. पण स्वतःच्या गाडीतलं त्या हिशोबात तेव्हाच धरतात जेव्हा त्याच्यामुळे लायसन्स सस्पेंड किंवा रद्द झालं असेल. त्याचं तसं काही झालं नसेल तर त्याच्या नावावर सीरियस एकच आहे, लेनचं. म्हणजे लपवून तो काय वाचवतोय? (दारूचं मात्र वेगळं, ते स्वतःच्या गाडीत झालं तरी पहिल्यांदाच वर्षभर सीडीएल जातं.)

एक विचारायचं राहिलं, आत्ताच्या मालकाला ही दोन्ही कळवली आहेत ना?

*

प्रेषक: मामा, ट्रेसी

ताई, किती मनापासून लिहिलंत, खूप आभार. भाच्याला वाचून दाखवलं. मालकाला लेनचं तोंडी सांगितलंय म्हणतो, कारचं नाही सांगितलं. मालक म्हणाला होता की ते दरवर्षी मालकाला तिकिटांची यादी द्यायचं आता बंद झालंय, काही लागत नाही.

*

प्रेषक: दादा, फ्रेझ्नो

ताई, याच धाग्यात विचारतो, मलाही गेल्या महिन्यात ऑरेगनमधे तिकीट मिळालंय पण कोर्टाची तारीख अजून यायची आहे. ते पण लिहायचं का? मी पण दुसरीकडे अर्ज करायच्या बेतात आहे.

*

प्रेषक: ताई, मँटेका

मामा, हाच घोळ सगळीकडे आहे. वर्षाला यादी द्यायचा नियम ९ मे २०२२ पासून गेला हे खरं, कारण कंपनी दरवर्षी एमव्हीआर बघतेच. पण ३० दिवसांचा नियम वेगळा आहे, ३८३.३१, तो आहे तसाच आहे. कन्व्हिक्शन झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मालकाला कळवायचं, कुठल्याही गाडीतलं असो, आणि लेखी. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. त्याने आजच एका कागदावर दोन्ही लिहून द्यावं, दिवस उलटून गेले असले तरी द्यावं. पूर्ण नाव, लायसन्स नंबर, कन्व्हिक्शनची तारीख, नेमका गुन्हा काय, ट्रकमधे होता की नाही, कुठे झाला, आणि सही. एवढंच लागतं, अर्धं पान पुरतं. फोटो काढून स्वतःजवळ ठेवायचा. आणि देव न करो पण कधी लायसन्सच सस्पेंड झालं तर तिथे ३० दिवस नाहीत, नोटीस हातात पडली की दुसऱ्या कामाच्या दिवशी संपायच्या आत सांगायचं.

दादा, तुमचं अजून कन्व्हिक्शन नाही, त्यामुळे कन्व्हिक्शनच्या रकान्यात ते येत नाही. पण फॉर्म नीट वाचा, काही कंपन्या "सायटेशन" म्हणजे नुसतं मिळालेलं तिकीटही विचारतात, काही "पेंडिंग" विचारतात, काही तीनऐवजी पाच किंवा दहा वर्षं मागतात, फेडरल नियमापेक्षा जास्त विचारायची त्यांना मुभा आहे. विचारलं असेल तर लिहा आणि पुढे "कोर्टाची तारीख बाकी" असं लिहा. आणि कोर्टात सौदा करून नोंद झाकता येते अशा भरवशावर राहू नका, सीडीएलवाल्याचं कन्व्हिक्शन झाकायला स्टेटला बंदी आहे. कॅलिफोर्नियात स्वतःच्या गाडीतल्या तिकिटासाठी ट्रॅफिक स्कूल केलं तर लायसन्सवरचा दंडाचा पॉइंट वाचतो, नोंद मात्र दिसतेच.

दोघांनीही अर्ज भरायच्या आधी स्वतःचं रेकॉर्ड काढून घ्या. डीएमव्हीत जाऊन एच-सिक्स नावाचा रेकॉर्डचा प्रिंटआउट मागायचा, दहा वर्षांचा येतो. सोबत पीएसपी हा ट्रक ड्रायव्हरचा फेडरल रिपोर्ट पण ऑनलाइन काढा, १० डॉलर लागतात, त्यात पाच वर्षांचे अॅक्सिडेंट आणि तीन वर्षांची रोडसाइड इन्स्पेक्शन्स असतात, कंपनी तेच बघते. तारखा आठवणीने टाकू नका, कागदावर आहेत त्याच लिहा, फॉर्म आणि रेकॉर्ड जुळलं की माझ्यासारखीचं काम पाच मिनिटांत होतं. पीएसपीत काही चुकीचं सापडलं तर डेटाक्यूज नावाच्या सिस्टिमवर तक्रार टाकता येते.

मामा, भाच्याला सांगा की लेनच्या तिकिटापुढे जागा असेल तर काय झालं ते दोन ओळींत साधं लिही, सबबी नको. मी शनिवारी घरीच आहे, सही करायच्या आधी फॉर्म आणि एच-सिक्स घेऊन त्याला पाठवा, बसून एकदा ताडून बघू.